दोन डबे, सहा कन्स्ट्रक्ट : वर्तनाच्या अभ्यासात पीएलएस पाथ मॉडेल वापरताना

एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, एका घरात ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे वर्षानुवर्षं नीट चालतात आणि समोरच्या घरात सगळं एकाच पिशवीत जातं. माहिती दोन्ही घरांना सारखीच असते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणं घराघरावर बंधनकारक केलं, हेही बहुतेकांच्या कानावर असतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्या दारोदार जाऊन कचरा घेतात. पिशवीत फुटकी काच किंवा वापरलेली सुई मिसळली असेल तर ती आधी त्यांच्या हाताला लागते. म्हणून 'लोक का करतात आणि का करत नाहीत' हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, आणि तो मोजायचा तर नीट मोजायला हवा.

या मोजणीसाठी पार्शल लीस्ट स्क्वेअर्स पाथ मॉडेलिंग, म्हणजेच पीएलएस, ही सांख्यिकी पद्धत वापरली जाते. थेट न दिसणाऱ्या गोष्टी अनेक प्रश्नांतून मोजायच्या आणि त्यांचा एकमेकांवर किती परिणाम होतो ते काढायचं, असं तिचं काम. ते काम कसं करायचं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे सांगतो आहोत. मधे येणारे गुणांक, म्हणजे परिणामाचा जोर सांगणारे आकडे, हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. ते कुठल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष नाहीत.

आधी कशाचा परिणाम कशावर होतो ते दाखवणारे बाण काढायचे. सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, कागदावर. आईसेक आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत (१९९१ चा त्यांचा लेख सर्वाधिक वापरला जातो) इथे चपखल बसतो. आपल्याला ते काम कसं वाटतं, ही अभिवृत्ती. आपल्या जवळच्या माणसांना काय वाटतं, ही अपेक्षा. आपल्याला ते जमेल का, ही खात्री. या तिन्हींतून इरादा तयार होतो, आणि इरादा व खात्री यांतून वर्तन. प्रश्नांतून मोजायच्या अशा संकल्पनेला कन्स्ट्रक्ट म्हणतात. या पाचांत कचऱ्याच्या बाबतीत आम्ही सहावा जोडतो : सोय. तिचा बाण थेट वर्तनाकडे. प्रत्येक बाणामागे एक वाक्य लिहिता आलं पाहिजे : 'सोय असेल तर इरादा सारखाच असूनही वर्तन वाढेल, कारण अमुक.' ज्या बाणाला असं वाक्य सुचत नाही तो खोडायचा. पुढे आकडा चांगला आला म्हणून बाण ठेवायचा आणि वाईट आला म्हणून काढायचा, असं सुरू झालं की अभ्यास संपला.

पीएलएस का, याचंही उत्तर आधीच हवं. 'नमुना लहान होता म्हणून' हे उत्तर आम्ही स्वीकारत नाही. स्वीडनचे अर्थमितीतज्ज्ञ हर्मन वोल्ड यांनी ही पद्धत घडवली आणि त्यांचेच विद्यार्थी कार्ल योरेस्कॉग यांनी लिस्रेलचा, म्हणजे कोव्हेरियन्सवर (प्रश्नांच्या एकत्र बदलण्यावर) आधारलेल्या मॉडेलचा दुसरा रस्ता आखला. लिस्रेलचा रस्ता सिद्धांत तपासण्याकडे झुकतो. वोल्ड यांचा रस्ता अंदाज बांधण्याकडे. पीएलएसमध्ये प्रत्येक कन्स्ट्रक्ट म्हणजे त्याच्या प्रश्नांची वजनदार बेरीज असते. त्या बेरजेत मोजमापाची चूकही मिसळलेली असते. त्यामुळे प्रश्नांमागे खरोखर एक सामाईक घटक असेल तर पीएलएस लोडिंग (प्रश्नाचं कन्स्ट्रक्टशी नातं किती घट्ट ते सांगणारा आकडा) थोडे फुगवून दाखवतं आणि बाणांचे गुणांक थोडे दबवून. हे माहीत असूनही वर्तनाचा अंदाज हवा आहे आणि सोयीसारखा प्रश्नांच्या बेरजेतूनच बनणारा कन्स्ट्रक्ट मॉडेलमध्ये आहे, म्हणून आपण पीएलएस घेतो, असं म्हणता आलं तर पुढे जावं. सगळे कन्स्ट्रक्ट सामाईक घटक असतील तर पीएलएससी ही पीएलएसची सुधारित आवृत्ती किंवा आर या संगणकीय भाषेतल्या लावान पॅकेजमधलं कोव्हेरियन्सवर आधारलेलं मॉडेल बरं.

आता प्रश्नावली. सर्वांत जास्त बिघाड इथे होतो, आणि तो दिसतो मात्र दोन महिन्यांनी, निकालाच्या तक्त्यात.

पहिली गोष्ट, वर्तनाची व्याख्या. 'तुम्ही कचरा वेगळा करता का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे; सगळे 'हो' म्हणतात. कृती, वस्तू, जागा आणि काळ हे चारही प्रश्नात यायला हवेत : 'गेल्या सात दिवसांत किती दिवस तुमच्या घरातला ओला कचरा वेगळ्या डब्यातून दिला गेला?' उत्तर शून्य ते सात. इराद्याचा प्रश्नही याच मापाचा हवा : 'येत्या सात दिवसांत...' एकीकडे पर्यावरणाची काळजी विचारायची आणि दुसरीकडे डबा मोजायचा, मग दोघांत संबंध सापडला नाही म्हणून आश्चर्य करायचं, यात चूक माणसांची नसते.

'ओला' हा शब्दही सरळ नाही. दुधाची रिकामी पिशवी हाताला ओली लागते, पण ती सुक्या कचऱ्यात जाते. लसणाची सालं आणि वाळलेलं निर्माल्य कोरडं असतं, पण ते ओल्यात. ज्या घरात दुधाची पिशवी ओल्यात टाकतात ते घर प्रामाणिकपणे 'सातही दिवस' म्हणतं. म्हणून प्रश्नाआधी चार वस्तूंची नावं वाचून दाखवायची आणि कुठे टाकता ते विचारायचं. शक्य असेल तिथे डबा बघून नोंद करायची. सांगितलेलं वर्तन आणि पाहिलेलं वर्तन यांतलं अंतर हाच कधी कधी अभ्यासाचा सर्वांत मोलाचा आकडा ठरतो.

उत्तर कोण देतं, हेही लिहून ठेवायला हवं. दार उघडणारे गृहस्थ इराद्याबद्दल बोलतात आणि डबा हाताळणाऱ्या असतात घरातल्या बाई किंवा कामाला येणाऱ्या मावशी. एकाचा इरादा आणि दुसऱ्याचं वर्तन यांच्यामध्ये बाण काढून काय मिळणार? 'रोज कचरा बाहेर कोण देतं?' हा पहिला प्रश्न ठेवायचा आणि मुलाखत त्याच व्यक्तीची घ्यायची.

मापनपट्टीवर 'पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ' असे शब्द छापले की ते सरकारी अर्जासारखे वाटतात. 'पूर्ण पटतं, बऱ्यापैकी पटतं, सांगता येत नाही, फारसं पटत नाही, अजिबात पटत नाही' ही पट्टी मोठ्याने वाचता येते आणि ऐकणाऱ्याला लगेच कळते. सगळ्यांत जास्त घात उलट्या प्रश्नांनी होतो. 'दोन डबे सांभाळणं मला जमत नाही' असं विधान घ्या. ज्यांना सहज जमतं त्यांनी 'अजिबात पटत नाही' म्हणायचं, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात मुलाखतकार वाचतो, 'जमत नाही, पटतं का?' समोरून उत्तर येतं, 'नाही, जमतं की!' किंवा 'नाही हो, नाही जमत.' दोन्हींची सुरुवात 'नाही'नेच. घाईत असलेला मुलाखतकार दोन्ही वेळा एकाच चौकोनात खूण करतो. ही खूण पुढे काय करते ते पाहू.

'खात्री' या कन्स्ट्रक्टचे तीन प्रश्न आहेत. त्यांची लोडिंग आली ०.८२, ०.७६ आणि त्या उलट्या प्रश्नाची ०.४१. वर्ग करायचे : ०.६७, ०.५८, ०.१७. सरासरी ०.४७. हाच एव्हीई (ॲव्हरेज व्हेरियन्स एक्स्ट्रॅक्टेड), आणि तो निदान ०.५० हवा, म्हणजे कन्स्ट्रक्टने स्वतःच्या प्रश्नांतला अर्धा तरी बदल समजावून सांगितला पाहिजे. एका प्रश्नाचं लोडिंग ०.७०८ हवं असं म्हणतात तेही याच कारणाने : त्याचा वर्ग बरोबर अर्धा. आता याच तिघांची कंपोझिट रिलायबिलिटी, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचं माप, काढली तर ०.७१ येते आणि ०.७० ची मर्यादा ओलांडते. एक तपासणी पास, दुसरी नापास. अशा वेळी फक्त पास झालेला आकडा छापण्याचा मोह होतो, तो टाळायचा. ०.४० ते ०.७० मधलं लोडिंग आपोआप काढायचं नसतं. तो प्रश्न काढल्याने एव्हीई सुधारतो का आणि कन्स्ट्रक्टचा अर्थ शाबूत राहतो का, दोन्ही पाहायचं. इथे आधी मूळ कागदांवरच्या खुणा तपासाव्यात. उलटा प्रश्न पाच-मापी पट्टीवर सहातून वजा करून सरळ केला होता ना, हेही बघावं. ते राहून गेलं असेल तर लोडिंग बहुधा उणे येतं. सगळ्याच प्रश्नांची लोडिंग उणे असतील तर मात्र घाबरायचं नाही : कन्स्ट्रक्टची दिशाच उलटी लागलेली असते आणि बाणांची चिन्हंही तशी उलटतात.

रिलायबिलिटीला वरचीही मर्यादा आहे. ०.९५ च्या पुढे गेली तर आनंदायचं कारण नाही. एकच प्रश्न शब्द फिरवून तीनदा विचारला, एवढाच त्याचा अर्थ.

'सोय' मात्र या कुठल्याच चाळणीतून जात नाही, आणि जाऊही नये. तिचे चार प्रश्न असे : स्वयंपाकघरात दोन डब्यांना जागा आहे का, घंटागाडीची वेळ घरच्यांना जुळते का, गाडीत ओला-सुका वेगळा घेतला जातो का, इमारतीखाली वेगळे ड्रम आहेत का. जागा असलेल्या घरी गाडीची वेळ जुळेलच असं नाही. हे प्रश्न सोयीची लक्षणं नसून सोय त्यांतूनच बनते. अशा कन्स्ट्रक्टला फॉर्मेटिव्ह म्हणतात. इथे बाण प्रश्नांकडून कन्स्ट्रक्टकडे जातात. अल्फा (सुसंगतीचं आणखी एक माप), एव्हीई इथे गैरलागू. तरीही चारही प्रश्न रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे कन्स्ट्रक्टची लक्षणं, म्हणून टाकून, दोघांची लोडिंग कमी आली म्हणून ते गाळून, उरलेल्या दोघांना 'सोय' म्हटलेले प्रबंध कमी नाहीत. त्यात गाडीचा प्रश्नच गळून गेलेला असतो.

फॉर्मेटिव्हसाठी तीन गोष्टी तपासायच्या. प्रश्नांची आपसांतली गुंतागुंत, म्हणजे व्हीआयएफ, ५ च्या आत, शक्यतो ३ च्या आत. मग प्रत्येक प्रश्नाचं वजन बूटस्ट्रॅपिंगमध्ये, म्हणजे नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा उपनमुने काढून केलेल्या तपासणीत, टिकतं का. टिकलं नाही पण त्याचं लोडिंग ०.५० च्या वर असेल तर प्रश्न ठेवायचा. तिसरी तपासणी म्हणजे या चौघांची बेरीज आणि 'एकूण पाहता, आमच्याकडे कचरा वेगळा देण्याची सोय आहे' या एका ढोबळ प्रश्नाचं उत्तर यांच्यामधला गुणांक निदान ०.७० असावा. हा ढोबळ प्रश्न प्रश्नावलीत आधीच असावा लागतो. सर्वेक्षण संपल्यावर आठवला तर काहीही करता येत नाही.

नमुना किती घ्यावा? एका कन्स्ट्रक्टवर येणाऱ्या जास्तीत जास्त बाणांची दसपट, हा जुना नियम इथे ४० घरं सांगेल. तो पाळू नका. कॉक आणि हदाया यांचं २०१८ चं सूत्र सोपं आहे : पाच टक्के पातळी (नसलेला परिणाम दिसण्याचा धोका) आणि ८० टक्के सामर्थ्यासाठी (असलेला परिणाम सापडण्याची शक्यता) २.४८६ ला तुम्हाला पकडायच्या सर्वांत लहान गुणांकाने भागा आणि वर्ग करा. गुणांक ०.२० असेल तर १५५ घरं, ०.१५ असेल तर २७५, आणि ०.१० असेल तर ६१९. लहान परिणाम पकडणं किती महाग आहे ते इथे कळतं. शिवाय एका सोसायटीतली वीस घरं ही वीस स्वतंत्र घरं नसतात. ड्रम तेच, गाडी तीच, सचिव तेच. बूटस्ट्रॅपिंग मात्र त्यांना स्वतंत्र धरतं आणि गुणांकातली संभाव्य चूक आहे त्यापेक्षा लहान दाखवतं. म्हणून जास्त इमारती आणि प्रत्येकीतून कमी घरं, असाच नमुना आखावा.

इरादा आणि वर्तन एकाच बैठकीत विचारले तर त्यांच्यातला संबंध फुगतो. तीन-चार आठवड्यांनी परत जाऊन वर्तन विचारायचं. दोन्ही कागद जुळवायला नावाऐवजी घराला दिलेला सांकेतिक क्रमांक वापरायचा. दुसऱ्या फेरीत काही घरं गळणारच, ती धरून पहिली फेरी मोठी ठेवायची.

डेटा भरताना अडणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात. मराठी फॉर्ममध्ये पर्याय '५' असा देवनागरीत असेल तर आर त्याला संख्या न मानता अक्षर मानतो आणि रूपांतर करताना सगळा स्तंभ रिकामा होतो. म्हणून इंग्रजी अंकांत (1, 2, 3) बदलूनच फाइल पुढे न्यावी. स्तंभांची नावं लहान, रोमन लिपीत, मोकळ्या जागेशिवाय. न दिलेल्या उत्तराला उणे ९९ लिहायचं आणि स्मार्टपीएलएस या सॉफ्टवेअरला ते सांगायचं. सांगायचं राहिलं तर तो उणे ९९ खरा गुण धरला जातो आणि सरासरी कोसळते. ज्यांनी वीसही प्रश्नांना सरसकट ४ दिलेत त्यांचं प्रमाण विचलन शून्य येतं. ते कागद वेगळे काढून पाहायचे. एखाद्या स्तंभात जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर बूटस्ट्रॅपिंगच्या एखाद्या उपनमुन्यात त्या स्तंभात फरकच उरत नाही, आणि सॉफ्टवेअर तिथेच अडतं. इराद्याच्या प्रश्नांत ही अडचण नेहमीची. सगळेच ५ देतात. चाचणी फेरीत हे दिसलं तर 'पाहुणे असतानाही', 'सणाच्या दिवसांतही' असे शब्द घालून प्रश्न कठीण करायचा.

मग आज्ञावली चालवायची. आत काय होतं ते समजून घेतलं की निकालाची भीती जाते. सगळे स्तंभ प्रमाणित होतात, म्हणजे प्रत्येकाची सरासरी शून्य आणि विचलन एक केलं जातं. सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला सारखं वजन देऊन कन्स्ट्रक्टचा गुण काढला जातो. मग शेजारच्या, म्हणजे बाणाने जोडलेल्या कन्स्ट्रक्टच्या गुणांवरून तोच गुण पुन्हा काढला जातो. त्या नव्या गुणाशी प्रत्येक प्रश्न किती जुळतो त्यावरून नवं वजन ठरतं. हे फेरे वजनांतला बदल एका कोटीत एक भाग इतका लहान होईपर्यंत चालतात. शेवटी, ज्या कन्स्ट्रक्टवर दुसऱ्या कन्स्ट्रक्टचे बाण येतात त्या प्रत्येकासाठी नेहमीचं रिग्रेशन. म्हणजे कन्स्ट्रक्टची वजनं त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतात; मॉडेलमधला एक बाण बदलला की सोयीचा गुणही थोडा बदलतो. 'मोजमाप आधी पक्कं केलं, मग बाण बदलले' असं पीएलएसमध्ये म्हणता येत नाही. बाण बदलले की मोजमाप पुन्हा तपासायचं.

कन्स्ट्रक्ट एकमेकांपासून वेगळे आहेत का, हे पाहायला फॉर्नेल-लार्करचा १९८१ चा निकष अजून छापला जातो, पण तो फार ढिला आहे. २०१५ पासूनचा एचटीएमटी हा गुणोत्तराचा निकष वापरावा. हिशेब असा : अभिवृत्तीच्या प्रश्नांचा इराद्याच्या प्रश्नांशी सरासरी सहसंबंध ०.५६ आहे. अभिवृत्तीच्या प्रश्नांचा आपसांत ०.६२ आणि इराद्याच्या प्रश्नांचा आपसांत ०.५८. या दोघांचा गुणोत्तर मध्य (गुणाकाराचं वर्गमूळ) ०.६०. ०.५६ भागिले ०.६० म्हणजे ०.९३; मर्यादा ०.९०, आणि संकल्पना मुळातच दूरच्या असतील तर ०.८५. मर्यादा ओलांडली. कारण प्रश्नांत सापडतं : 'कचरा वेगळा करायला हवा' आणि 'कचरा वेगळा करायचा आहे'. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. अभिवृत्तीसाठी 'वेळखाऊ की झटपट', 'किळसवाणं की साधं' अशा जोड्या ठेवल्या असत्या तर हे टळलं असतं. आता उपाय म्हणजे दुसऱ्या फेरीत शब्द बदलणं. आकडा ०.८९ होईपर्यंत एकेक प्रश्न काढत बसणं हा उपाय नव्हे.

सगळी उत्तरं एकाच माणसाने एकाच कागदावर दिली, याचाही ठसा निकालावर पडतो. सगळे प्रश्न एकाच घटकात गोळा होतात का हे पाहणारी हार्मनची एक-घटक चाचणी इथे फार कमी पकडते. सगळे कन्स्ट्रक्ट एका यादृच्छिक स्तंभाशी जोडून व्हीआयएफ ३.३ च्या आत आहेत का, ही तपासणी त्यापेक्षा बरी. पण खरा बचाव म्हणजे वर्तन पाहून नोंदवणं आणि वेगळ्या वेळी विचारणं.

बूटस्ट्रॅपिंग १०,००० उपनमुन्यांवर, आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज ठरवून. बीज ठरवलं नाही तर ०.०४९ चा निकाल उद्या ०.०५१ येतो आणि मार्गदर्शक विचारतात, कालचा आकडा कुठे गेला? पी-मूल्यापेक्षा विश्वासांतर, म्हणजे गुणांक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, पाहायचं. अभिवृत्ती ते इरादा ०.४०, इरादा ते वर्तन ०.३५ असेल तर इराद्यामार्गे परिणाम ०.१४. या गुणाकाराचं विश्वासांतर बूटस्ट्रॅपिंगमधून थेट घ्यायचं. गुणाकाराचं वितरण घंटेसारखं नसतं, म्हणून तसं गृहीत धरणारी सोबेल चाचणी नको. तक्त्यात '०.०००' छापून येतं तिथे '०.००१ पेक्षा कमी' लिहावं.

वर्तनाचा आर-स्क्वेअर, म्हणजे मॉडेलने समजावलेल्या बदलाचा वाटा, किती आला यापेक्षा, मॉडेलने न पाहिलेल्या घराचा अंदाज किती बरा बांधला, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. पीएलएसप्रेडिक्ट ही त्यासाठीची तपासणी. ते नमुन्याचे दहा भाग करतं, नऊ भागांवर शिकतं, दहाव्यावर अंदाज बांधतं, आणि त्याची चूक साध्या रेषीय मॉडेलच्या चुकीशी ताडून पाहता येते. वर्तनाच्या बहुतेक प्रश्नांवर पीएलएसची चूक कमी हवी. साधं रिग्रेशनच बरं ठरलं तर तसं लिहावं. बाणांचं चित्र सुंदर दिसतं म्हणून ते लपवू नये. जुना जीओएफ (गुडनेस ऑफ फिट) आकडा गाळून टाका, त्याने काही सिद्ध होत नाही. चाळी आणि सोसायट्या यांची तुलना करायची असेल तर आधी मायकॉमच्या, म्हणजे दोन्हीकडे मोजमाप सारखंच आहे ना हे पाहण्याच्या पायऱ्या, मगच गुणांकांतला फरक.

महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला अहवाल द्यायचा असेल तेव्हा गुणांकांचा तक्ता तिथे कुणी वाचत नाही. तिथे महत्त्व आणि कामगिरी यांचा नकाशा उपयोगी पडतो : आडव्या अक्षावर वर्तनावरचा एकूण परिणाम, उभ्या अक्षावर शून्य ते शंभरमध्ये आणलेला सरासरी गुण. त्याआधी सगळे प्रश्न एकाच दिशेचे आणि सगळी वजनं धन आहेत, एवढं पाहून घ्यायचं. परिणाम मोठा आणि गुण कमी, असा उजवा-खालचा कोपरा आधी बघायचा. 'गाडीत ओला-सुका वेगळा घेतला जातो' हा प्रश्न त्या कोपऱ्यात सापडला, तर पुढच्या बैठकीला प्रभागातल्या गाड्यांची यादी घेऊन जायचं आणि किती गाड्यांच्या मध्ये पत्र्याचं विभाजन आहे ते मोजायचं.